बाळंतिणीजवळ बसणारी शेजारीण

आषाढ लागतो, वैनगंगेला पाणी चढते, धानाच्या बांध्यांत रोवणी सुरू होते, आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातील खेडी दिवसभर ओस पडतात. घरी राहतात ती थकलेली म्हातारी माणसे, लहान मुले, आणि कोठे एखादी ओली बाळंतीण. सायंकाळी मंडळी चिखलाचे पाय धुऊन घरात शिरतात तो तान्ह्याचे रडणे कानी पडते. मग आजी म्हणते, पाणी पाजा. काकू म्हणते, घुटी द्या. बाप म्हणतो, मी डबा आणतो. बालकाच्या आईला मात्र कोणी काही विचारीत नाही. तिला कोणी विचारावे, कसे विचारावे, व विचारल्यावर काय करावे, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

ह्या विषयावर पुरुषाने का लिहावे, असे कित्येक भगिनींस वाटेल. त्यांचा आक्षेप योग्य आहे. परंतु ह्या कामी पुरुषांच्या हातून जे बिघडते ते पुरुषानेच कबूल करावे हे बरे. म्हणून आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आमची थोरली मुलगी जन्मली तेव्हा तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. चवथ्या रात्री मूल रडू लागले ते थांबेना. पत्नीचे स्तन दगडासारखे ताठले होते, बालकाच्या तोंडात धड येत नव्हते, आणि ती रडत म्हणाली, "मला दूधच नाही." आम्ही स्वतःस शिकलेले समजत होतो. उजाडताच तालुक्याच्या बाजारात गेलो व भुकटीच्या दुधाचा डबा आणि बाटली घेऊन आलो. मूल बाटली पिऊन झोपले, आणि आम्हांस वाटले की आपण मोठे काम केले. पुढे काय झाले ते ऐका. बाटलीने पोट भरलेले मूल आईस ओढीना. ते ओढीना म्हणून दूध आटू लागले. दूध आटले म्हणून बाटली वाढली. चवथ्या आठवड्यात मुलीस जुलाब सुरू झाले आणि पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. ह्यात कोणी वैरी नव्हता. जे केले ते मायेने केले, परंतु न पाहता व न विचारता केले.

घरी परतल्यावर शेजारची एक बाई येऊन बसली. ती विड्या वळून पोट भरणारी, चवथी इयत्ता शिकलेली, चार लेकरांची आई. डब्याविषयी तिने एक शब्द काढला नाही. तिने प्रथम विचारले, "पोरी, तू जेवलीस काय?" मग म्हणाली, "तू लेकराला कशी घेतेस ते मला दाखव बरे." तिने पाहिले, आणि बालकाचे अंग आईच्या अंगाकडे पुरते वळवून दिले. त्यानंतर आठ दिवस ती रोज येत असे. मूल आधी आईस ओढी, मग लागेल तेवढेच वाटीने घेई. वाटीतले हळूहळू कमी होत गेले, आणि महिन्याभरात डबा बंद झाला. त्या बाईने औषध आणले नाही, की पैसा आणला नाही. ती जवळ बसली, एवढेच. तेव्हापासून आम्ही ह्या विषयाचा अभ्यास करीत आलो आहो.

१. दूध कसे उतरते

दूध हे घागरीत भरून ठेवलेले पाणी नव्हे. ते विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. बालक ओढते तेव्हा मातेच्या मेंदूस निरोप जातो. त्या निरोपाने दोन रस रक्तात उतरतात. पहिला प्रोलॅक्टिन, तो दूध तयार करवितो, आणि रात्री पाजल्याने तो अधिक उतरतो. दुसरा ऑक्सिटोसिन; तो तयार झालेले दूध बाहेर सोडतो. आई निश्चिंत असेल, बालक तिच्या अंगास लागलेले असेल, तर हा दुसरा रस चांगला वाहतो. चिंता, वेदना व बोलणी ह्यांनी तो अडखळतो. म्हणून "तुला दूध नाही" असे जी माणसे बाळंतिणीस वारंवार म्हणतात, ती न कळत आपलेच म्हणणे खरे करवितात. शिवाय स्तनात दूध तुंबून राहिले तर ते नवे होणेही कमी होते. तेव्हा दूध वाढविण्याचा मुख्य उपाय हा की बालकाने वारंवार, दिवसा व रात्री, नीट ओढावे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांचा उपदेश थोडक्यात सांगता येतो. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बालकास स्तनास लावावे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीही नाही. मात्र डॉक्टरने सांगितलेले औषध द्यावे. सहा महिन्यांनंतर मऊ व घट्ट अन्न सुरू करून दोन वर्षे व त्यापुढेही दूध चालू ठेवावे.

२. ठाऊक असून का होत नाही

हे आता पुष्कळांस ठाऊक आहे. मग तसे घडते काय? २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की देशातील शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यांत झाली. परंतु पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके शंभरांत सुमारे ४२ च होती. सहा महिन्यांच्या आतील बालकांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेली शंभरांत सुमारे ६४ होती. ह्यावरून काय शिकावे? दवाखान्याचे दार उघडले म्हणजे सर्व झाले असे नाही. पहिल्या तासात आणि त्यानंतरच्या रात्रींत आईजवळ बसणारे कोणी तरी हवे.

असे माणूस मोठ्या विद्येचे असावे लागते काय? बांगला देशातील ढाका शहरात ह्याची परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. तेथे वस्तीतल्याच बायका निवडल्या. त्या स्वतः लेकुरवाळ्या, थोडे लिहितावाचता येणाऱ्या, व दहा दिवस शिक्षण घेतलेल्या होत्या. गरोदरपणापासून बालक पाच महिन्यांचे होईपर्यंत त्या एकेका आईकडे पंधरा वेळा गेल्या. पाचव्या महिन्यात, ज्यांच्याकडे त्या गेल्या त्या मातांपैकी शंभरांत ७० जणी केवळ स्वतःचेच दूध पाजीत होत्या. ज्यांच्याकडे कोणी गेले नाही त्यांच्यात शंभरांत ६. मेक्सिको शहरातील अशाच परीक्षेत, जिचा वृत्तांत १९९९ साली आला, असे दिसले की सहा भेटी मिळालेल्या माता तीन भेटी मिळालेल्यांच्याही पुढे गेल्या. म्हणजे एकदा येऊन उपदेश करून जाणे पुरत नाही.

दूर कशाला, आमच्या दक्षिणेकडील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावच्या बायकांस आरोग्यदूत म्हणून शिकविले. त्या घरी जाऊन नवजात बालक पाहत, त्यास ऊब देववीत, दूध पाजण्यास साहाय्य करीत, आणि जंतुदोष ओळखून औषध देत. ३९ गावांत हे काम चालले. १९९३ ते १९९५ ह्या काळात तेथे हजारी सुमारे ६२ नवजात बालके मरत होती. १९९७-९८ पर्यंत ती संख्या सुमारे २५ वर आली. हे सर्व यश एकट्या स्तनपानाचे नव्हे हे खरे. पण घरी येऊन बसणाऱ्या, गावच्याच बाईच्या हातून ते झाले. विदर्भातीलच वर्धा येथे ३ डिसेंबर १९९१ रोजी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

२०११ पासून सरकारने हेच गृहभेटींचे काम आशा कार्यकर्तीकडे दिले आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. २०१६ च्या ऑगस्टात आरंभिलेल्या 'माँ' कार्यक्रमात गावातील मातांच्या सभा घेण्याचेही तिजकडे आहे. परंतु आशाताईच्या मागे कामे पुष्कळ, आणि तिसऱ्या व सातव्या दिवसांच्या मध्ये चार रात्री येतात. आमच्या घरी जे बिघडले ते चवथ्या रात्री. त्या रात्रींसाठी शेजारीण पाहिजे.

३. शेजारणीने काय करावे

पहिले, बसावे. उंबऱ्यात उभे राहून बोलू नये. आईच्या बरोबरीस, तिच्या बाजेशी, खाली बसावे.

दुसरे, विचारावे, आणि असे विचारावे की उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे येऊ नये. "पाजतेस ना?" असे म्हटले तर भीतीने 'हो' येते. "काल रात्र कशी गेली?" असे म्हटले तर खरी गोष्ट बाहेर पडते.

तिसरे, ऐकून घ्यावे. आई म्हणाली, "माझे दूध पातळ आहे," तर लगेच "काही तरीच काय!" असे म्हणू नये. "लेकराचे पोट भरत नाही अशी तुला काळजी लागली आहे," असे म्हणावे. तिला कळते की हिने माझे ऐकले.

चवथे, पाहावे. बालकाचे डोके व अंग एका ओळीत असावे, तोंड व पोट आईकडे असावे, सर्व अंगास आधार असावा. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनास टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूस अधिक व खालच्या बाजूस कमी दिसणारा, ही नीट धरल्याची खूण. नुसते बोंड तोंडात असेल तर आईस चिरा पडतात व बालकास दूध येत नाही. तसे असल्यास स्वच्छ बोट बालकाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून ओढ सोडवावी आणि पुन्हा लावावे. आईच्या संमतीवाचून तिच्या अंगास हात लावू नये.

पाचवे, जे ठीक आहे त्याची आधी वाखाणणी करावी, आणि मग एकच गोष्ट सुचवावी, फार तर दोन. आम्ही एका घरी एका तरुण भगिनीस पाहिले. तिने शिकलेले सर्व फायदे क्रमाने म्हणून दाखविले. ती गेल्यावर बाळंतीण म्हणाली, "म्हणजे सर्व चुकते ते माझेच." त्या भगिनीचे बोलणे खरे होते, पण ते ऐकून आईचा धीर खचला.

४. घरोघरी भेटणाऱ्या अडचणी

चीक. पहिले पिवळे, चिकट दूध कित्येक घरी पिळून टाकतात व मध किंवा गुळाचे पाणी चाटवितात. हा चीक थोडाच असतो, पण पहिल्या दिवशी बालकाचे पोटही फार लहान असते. त्यात रोगांशी लढणारी द्रव्ये विपुल असतात. मध तान्ह्यास अपायकारक ठरू शकतो. पहिले वर्षभर तो देऊच नये.

पाणी. आमच्याकडील वैशाखात माणसाचा जीव कासावीस होतो. मग आजीस वाटते, लेकराचा घसा सुकेल. परंतु आईच्या दुधात शंभरांत सुमारे ८८ भाग पाणीच असते. वरचे पाणी दिल्याने पोट व्यर्थ भरते, दूध कमी घेतले जाते, आणि पाण्याबरोबर जुलाबाचे जंतू जातात. उन्हाळ्यात बालकास अधिक वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. हे आजीस कसे सांगावे? एका शेजारणीचे बोलणे आम्ही ऐकले आहे. ती म्हणाली, "मामी, तुम्ही एवढी लेकरे वाढविली, तुमच्या हाताखाली मी शिकावे. ह्या पोरीला तांब्याभर पाणी तुम्ही स्वतः पाजीत जा. ते दुधातून लेकराला जाईल." त्या दिवसापासून आजी तांब्या घेऊन सुनेजवळ बसू लागली. तिचा मान राहिला, आणि बालकाचे पाणी बंद झाले.

"दूध पुरत नाही." रडणे हे ह्याचे प्रमाण नव्हे; ऊन, ओले फडके, झोप, जवळ घ्यावे अशी इच्छा, ह्या सर्वांसाठी मूल रडते. प्रमाण दोन. पहिल्या आठवड्यानंतर बालक चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा मुतते काय? आणि त्याचे वजन वाढते काय? जन्मानंतर काही दिवस वजन थोडे घटते. ते दोन आठवड्यांत भरून यावे. अंगणवाडीत वजन करून पाहावे, मग बोलावे.

ताठलेले स्तन. ऊन पाण्याच्या फडक्याने शेकून, हलक्या हाताने थोडे दूध काढावे म्हणजे बालकास धरता येते. पाजणे थांबवू नये. एखादा भाग लाल, कठीण व दुखरा झाला आणि ताप आला, तर दवाखान्यात जावे. तेव्हाही बहुधा पाजणे चालूच ठेवावयाचे असते.

काम. रोवणी थांबत नाही आणि मजुरी सोडवत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून निघण्यापूर्वी पाजावे. हात धुऊन, स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून थंड जागी ठेवावे, आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही. दुपारी कोणी तरी बालकास बांधावर आणावे. रात्री अधिक वेळा पाजावे. विड्या वळणाऱ्या मातेने तंबाखूचे हात धुतल्यावाचून बालकास घेऊ नये, व सुपाजवळ त्यास निजवू नये.

आईचे जेवण. बाळंतिणीस अर्धपोटी ठेवण्याची रीत सोडावी. भात, वरण, पालेभाजी, अंडी, मासळी, जे घरी असेल ते, आणि रोजच्यापेक्षा एक वेळ अधिक.

५. कोठे थांबावे

शेजारीण ही डॉक्टर नव्हे. आपली सीमा ओळखणे हाही तिच्या कामाचा भाग आहे. बालक ओढीनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, मिनिटास साठ किंवा अधिक श्वास चालू लागले, छाती आत खेचली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बेंबीतून पू आला, तर घरगुती उपायात घटकाही घालवू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. वाटेत बालकास आईच्या छातीशी उबेत धरावे. तसेच आई दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, जेवीत नसेल, किंवा जगणे नको असे बोलेल, तर तेही आजारपण समजून तिला एकटी न सोडता डॉक्टरकडे न्यावे. मातेस दुर्धर रोग असेल किंवा तिचे औषध चालू असेल, तर पाजावे की नाही हे डॉक्टरनेच ठरवावे.

आणखी एक गोष्ट. काही मातांस सर्व करूनही पुरेसे दूध येत नाही. काही बालकांस आईच राहिलेली नसते. तेथे वरचे दूध डॉक्टरच्या सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने देणे हेच योग्य होय. अशा मातेस दोष देऊ नये. आमच्या देशात १९९२ साली झालेला कायदा भुकटीच्या दुधाची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, व डब्यावर बालकाचे चित्र छापणे ह्यांस मनाई करतो. परंतु तो विकणाऱ्यांसाठी आहे, अडलेल्या आईस लाजविण्यासाठी नव्हे.

६. पुरुषांस दोन शब्द

आता आमच्यासारख्यांस. रात्री बालक रडले म्हणजे त्यास उचलून आईजवळ द्यावे, पाजून झाल्यावर खांद्यास लावून ढेकर काढावी, पाणी भरावे, चूल पाहावी. "डबा आणू काय?" हे विचारण्यापूर्वी "कोणास बोलावू?" हे विचारावे. आम्ही त्या चवथ्या रात्री बाजाराच्या वाटेऐवजी शेजारचे दार ठोठावले असते, तर आमच्या मुलीचे पाच दिवसांचे दुखणे बहुधा टळले असते.

उपदेशक बंधूंनी आपापल्या गावात ह्या आठवड्यात एवढेच करावे: कोणत्या घरी सहा महिन्यांच्या आतील बालक आहे, आणि कोणती बाई गरोदर आहे, हे पाहावे. त्या प्रत्येकीच्या घराजवळची एक अनुभवी, मृदु बोलणारी शेजारीण शोधावी, आशाताईशी तिची गाठ घालून द्यावी, आणि हा धडा तिला वाचून दाखवावा. रोवणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडत असेल, तर तिच्या वाट्याचे पऱ्हे इतरांनी लावावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बाटली सुरू केल्यावर आईचे दूध का आटते, हे आपल्या शब्दांत सांगा.
२. दवाखान्यात बाळंतपणे वाढूनही पहिल्या तासात दूध मिळणारी बालके कमी का राहतात? आपल्या गावचे कारण सांगा.
३. "दूध पुरते की नाही" हे ओळखण्याची दोन प्रमाणे कोणती?
४. एकीने बाळंतीण व्हावे व दुसरीने शेजारीण. "माझे दूध पातळ आहे" ह्या वाक्यापासून संभाषण करून दाखवावे. इतरांनी शेजारणीने किती वेळ ऐकले ते पाहावे.
५. कोणत्या खुणा दिसल्यास लागलीच गाडी बोलवावी?
६. आपल्या वस्तीत आज रात्री कोणत्या बाळंतिणीजवळ कोणीही बसलेले नाही?